एक अंगावर, एक वलणीवर

कापसाच्या जिनात काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर दिवसभर रुई बसते. केसांत, कानांत, भुवयांवर. संध्याकाळी घरी आलो की माझी बायको दारातच थांबवायची, "पहिले झटका, मंग आत या." किस्स्यांचं तसंच असतं. आपण गोळा करत नाही, ते बसत जातात. झटकायला घेतले की कळतं, केवढे साठले होते!

उमरखेडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी बावीस हंगाम वजनकाट्यावर कारकून होतो. तिथले बाकीचे किस्से पुष्कळ लोक सांगतात. मी सांगतो ते कपड्यांचे. त्या काळात आमच्या जिनाइतकं कपड्यावरून हादरलेलं ऑफिस जिल्ह्यात दुसरं नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. छातीवर शर्ट असायचा तो नंबरी. नंबरी म्हणजे खरोखरच नंबर घातलेला. ते कसं, ते आता सांगतो.

* * *

आपला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या हंगामातली गोष्ट. आमचे ग्रेडर शामरावजी. अंगानं चांगले गरगरीत, आवाज त्याहून भारी. कापसाच्या गाडीतली चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायचे आणि धाग्याची लांबी बोलून दाखवायचे. तेवढा वेळ गाडीवाला श्वास रोखून उभा. शामरावजी बोलले ते शेठजींनाही बदलता येत नसे.

दिवाळीला त्यांनी एक शर्ट शिवून घेतला होता. पाडव्याला घातला, भाऊबीजेला धुवायला टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ सुधाकर एक गाठोडं घेऊन ऑफिसात आला. सुधाकर आमच्याकडेच फिटर होता, अंगानं तुरीची काडी. आईबाप लवकर गेले, त्यामुळे त्याला शामरावजींनी आणि वहिनींनीच वाढवलेलं.

"वहिनीनं पाठवलं," म्हणाला. "म्हने, तुमचा शर्ट धुवून झाला."

गाठोडं सोडलं. आत कॉलर होती, दोन कफ होते आणि मधे जाळी होती. शामरावजींनी ती उचलून धरली तर पलीकडे सुधाकरचं हसणं स्वच्छ दिसत होतं. एका धुण्यात! शामरावजींनी जाळीतला एक धागा उसवला, पीळ सोडला, अंगठ्यांत धरला. तो ओढण्याआधीच तुटला.

"आखूड माल," ते म्हणाले. "गादीत भराच्या बी लायकीचा नाही. आपल्या जिनातून हिऱ्यावानी रुई गिरणीले जाऊन राह्यली, अन् आपण आंगात कचरा घालून राह्यलो!"

त्या दुपारी त्यांनी गाठींची एक कोरी नोंदवही कपाटातून काढली. प्रेसमधून दाबलेल्या रुईची गाठ निघाली की तिच्यावर नंबर पडतो, आणि वहीत पाच रकाने भरायचे असतात : नंबर, आवक, जात, जावक, शेरा. शामरावजींनी त्याच वहीत आमचे कपडे लिहायला घेतले. किमतीचा रकाना नव्हताच. कपडा कधी आला, कसल्या धाग्याचा आणि कधी संपला, एवढंच.

नियमही तिथेच सांगितला. "एक आंगावर, एक वलणीवर. तिसरा कोनासाठी? दोनच घ्या, पर असे घ्या का धोब्याचे हात थकले पाह्यजे."

वलणी म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. आम्ही माना डोलावल्या. ग्रेडरशी वाद घालायचा नसतो, हे जिनात पहिल्या दिवशी शिकवतात.

* * *

कपडा घेण्याआधी शामरावजींनी तो हातानं पाहायचा, असं ठरलं. म्हणजे आमच्यापैकी कोणी कापड घ्यायला निघाला की हे सोबत.

बाजारातल्या एका दुकानात मी गेलतो यांना घेऊन. दुकानदारानं मोठ्या ऐटीत पांढरं ठाण उलगडलं. कडक, चमकदार, हात लावला तर वाजत होतं. शामरावजींनी समोरच्या लोट्यातल्या पाण्यात अंगठा बुडवला आणि ठाणाच्या कोपऱ्यावर जोरात चोळला. अंगठा पांढराफटक झाला. कापडाला भोक पडायचंच काय ते राहिलं.

"मी खळ पाहून राह्यलो," ते शांतपणे म्हणाले. "कापड दाखवा."

दुकानदाराचा चेहरा त्या अंगठ्यापेक्षा पांढरा! पुढं असं व्हायला लागलं की आम्ही दोघं बाजाराच्या तोंडाशी दिसलो की ओळीनं तीन दुकानदार जेवायला जात. सकाळी दहा वाजता.

* * *

वहीत नंबर लिहिले, पण कपड्यावरचं काय? कपडे धोब्याकडे अदलाबदल होतात. शामरावजींनी त्यावरही उपाय काढला. गाठींच्या बारदानावर मारायचे टिनाचे लहान-मोठे छापे होते आणि ती काळी शाई होती, जी पावसात भिजून, रेल्वेनं जाऊन, महिनाभर पडून राहिली तरी जात नाही. तीच शाई. शर्टाच्या आतल्या टोकाला, धोतराच्या कोपऱ्याला.

इथवर ठीक होतं. पण माणूस एकदा नंबर मारायला लागला की त्याचा हात थांबत नाही. एका रविवारी वहिनी माहेरी फुलसावंगीला गेल्या होत्या. परत आल्या, तर पेटीतल्या शालूच्या काठाला दिसेल असा काळाभोर सहा. लग्नातला शालू!

आम्हाला हे सुधाकरनं सांगितलं तेव्हा कॅशियर कुळकर्णींच्या हातातला चहा सांडला. "मग वहिनी काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हनल्या. जेवाले वाढलं."

हे ऐकून तर आम्ही जास्तच घाबरलो.

आठ दिवसांनी मी सकाळी विहिरीवर गेलो. शामरावजी अंगात बंडी घालून आंघोळ करत होते. थंडीचे दिवस, म्हटलं असेल काही. पण ओली बंडी पाठीला चिकटली आणि आतून काहीतरी काळं, गोल, वीतभर मोठं दिसायला लागलं. मी दोन पावलं पुढं गेलो. पाठीवर शून्य होतं.

दुपारच्या झोपेत वहिनींनी मारलं होतं. शाई आणि छापा सुधाकरनं जिनातून नेऊन दिला होता, आणि बाजूला उभं राहून छापा धरलाही होता.

आम्ही सगळे हळदीकुंकवाच्या वेळी बायकांना घेऊन त्यांच्याकडे गेलो. माझ्या बायकोला राहवलं नाही, तिनं विचारलंच. वहिनी तिळगूळ वाटता वाटता म्हणाल्या, "वहीत सगळा माल घेतला, सगळ्यात जुना माल तेवढा राहून गेलता. म्हनून मारला नंबर."

"आणि जावक कधी?" कुळकर्णींनी विचारलं.

"जुना हाय खरा," वहिनी म्हणाल्या, "पर जावक कराले मन होत नाही."

शामरावजी ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं नसल्याचं दाखवलं. शून्य उतरायला होळी उजाडली.

* * *

कुळकर्णींचा स्वतःचा किस्सा मात्र दुःखाचा आहे.

कापड वारावर मिळायचं ते मीटरवर मिळायला लागलं, ते दिवस. कुळकर्णी सवयीनं दुकानात म्हणाले, "साडेतीन." दुकानदारानं साडेतीन मीटर फाडलं. शामरावजी सोबत होते, पण त्यांचं सगळं लक्ष धाग्यात. धागा असा अव्वल होता की ते हरखून गेले होते.

शिंप्यानं पाहिलं, कापड जास्त आहे. हा शामरावजींचा माल, एवढं त्याला माहीत होतं. वाया घालवला तर आपली धडगत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं सगळंच्या सगळं कापड शर्टात घातलं. शर्ट गुडघ्याच्या खाली दोन बोटं! बाह्या अशा की कुळकर्णींना नोटा मोजताना दोनदा दुमडाव्या लागत.

"कापून घ्या," मी म्हटलं.

"एवढं कापड कापाचं?" शामरावजी कडाडले. "हा धागा पुन्हा भेटन का?"

आणि नियमाप्रमाणे, आहे तो संपल्याशिवाय नवीन घ्यायचा नाही. कुळकर्णी तो शर्ट संपायची वाट पाहायला लागले. पहिलं वर्ष गेलं. शर्टाचं सूतही हललं नाही. त्यांनी धोब्याला सांगितलं, जोरात आपट. धोब्याचा खांदा गेला. ते त्यात झोपायला लागले. तिसऱ्या वर्षी मी दुपारी सरकीच्या गोदामामागं गेलो, तर कॅशियरसाहेब विटांच्या भिंतीला पाठ लावून म्हशीसारखे घासत होते. मला पाहून थांबले.

"देवीदास," म्हणाले, "कोणाला सांगू नकोस. हा शर्ट माझ्या तेराव्यालाही असाच राहील."

मी कोणाला सांगितलं नाही. आज सांगतो आहे, कारण शर्ट अजून आहे. त्यांचा मुलगा घालतो.

* * *

शामरावजींना जन्मात एकदाच कोणी ग्रेड केलं. धापलीबाईनं.

हंगामात तांड्यावरच्या बंजारा बाया कापूस निवडायला यायच्या. त्यात धापलीबाई सगळ्यात म्हातारी. तिचा तो भरतकाम केलेला, आरसे लावलेला जड घागरा, त्याला त्या फेटिया म्हणतात. ढिगाजवळून जाताना शामरावजी एकदम थांबले. खाली बसले आणि तिच्या फेटियाचा घेर दोन बोटांत धरला. बायाबापड्या चपापल्या. मीही चपापलो. भर जिनात, परक्या बाईचं वस्त्र!

पण त्यांच्या डोक्यात फक्त धागा होता. "बाई, ह्याले किती वर्सं झाले?"

"माझ्या लग्नात घातलता," धापलीबाई म्हणाली. "याडीनं शिवलता. याडी म्हंजे माय."

"अन् लग्नाले किती झाले?"

तिनं बोटं मोजली, मग सोडून दिली. "नातवाले पोरगं झालं."

शामरावजींनी टोपी काढली. मी त्यांना देवळातही टोपी काढताना पाहिलं नव्हतं. मग धापलीबाईनं हात पुढं केला आणि त्यांच्या शर्टाची बाही तशीच दोन बोटांत धरली.

"अन् मालक, ह्याले किती वर्सं?"

"चार," ते अभिमानानं म्हणाले.

"मंग अजून लेकरूच हाय," ती म्हणाली, आणि कापूस निवडायला लागली.

तिनंच संध्याकाळी जाता जाता सांगितलं, फेटिया अगदी फाटला तरी टाकत नाहीत. आरशाचा, भरतकामाचा तुकडा कापून लेकीच्या नव्या फेटियात लावतात. जुन्याचा तुकडा दिल्याशिवाय नवं अंगाला लागत नाही, म्हणे. शामरावजींनी हे ऐकलं आणि वहीत नवा नियम आला. कपडा संपला की त्याच्यावरचा नंबराचा तुकडा कापायचा, आणून द्यायचा. ते तो वहीत चिकटवणार, जावक लिहिणार, तेव्हा नवीन घ्यायची मोकळीक. तुकडा नाही तर कपडा नाही.

* * *

हा किस्सा सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो, म्हणून थोडक्यात सांगतो.

इंजिन ड्रायव्हर कासमभाईचा एक शर्ट खांद्यावर विरला होता. शामरावजी चार दिवस मागं लागले होते, तुकडा कापून द्या, नवीन घ्या. कासमभाई रोज म्हणायचे, "और चार दिन चलता है."

पाचव्या दिवशी इंजिनघरातून ओरडा आला. पट्ट्यात शर्ट गेला! आम्ही सगळे पळालो. पट्टा फिरत होता आणि त्याच्यावर शर्टाच्या चिंध्या गरगर फिरत होत्या. कासमभाई दिसेनात. सुधाकरनं धावत जाऊन इंजिन बंद केलं.

पट्टा थांबला तेव्हा पलीकडच्या भिंतीशी कासमभाई उभे होते. उघडे, खांद्यावर लाल वळ, बाकी अख्खे. त्यांनी वाकून पट्ट्याखालची एक चिंधी उचलली, पाहिली, आणि शामरावजींच्या हातात दिली. नंबर बावीस.

"ये लो, जमा करो," म्हणाले. "अब तो नया ले सकता हूं ना?"

कासमभाई पुढं म्हणाले, "आज नया पहना होता, तुम्हारा मजबूत वाला, तो वो फटता नहीं. मैं भी साथ में जाता."

दोन दिवस गेले. मग वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ आली : इंजिनवर विरलेलाच घालावा. मजबूत ते सगळीकडे चांगलं नसतं, हे त्यांनी आयुष्यात एवढ्या एकाच जागी लिहून दिलं. मला वाटतं, तेवढं त्यांनी नीट लक्षात ठेवलं असतं तर पुढचं टळलं असतं.

* * *

पुढचं म्हणजे टेरिलीन.

सुधाकर एकदा यंत्राचा सुटा भाग आणायला नागपूरला गेलता. परत आला तो अंगात आकाशी शर्ट घालून. इस्त्री नाही आणि सुरकुती नाही! ऑफिसात आल्या आल्या त्यानं तो काढला, बादलीत बुडवला, झटकला आणि दाराला टांगला. आम्ही चहा घेतला. चहा संपला, त्यानं शर्ट घातला. वाळलेला! आम्ही सगळे आ वासून राहिलो.

"वलणीवरच्याचं कामच नाही दादा," तो हसत म्हणाला. "एकच पुरते."

खरं तर नियमाच्या दृष्टीनं तो बरोबरच बोलत होता. पण शामरावजी हसले नाहीत. त्यांनी कापड बोटांत धरलं. चोळलं. पुन्हा चोळलं. ज्या बोटांना चिमटीत सगळं कळायचं त्यांना काहीच कळेना, हे आम्हाला दिसत होतं.

"ह्याच्यात कापूस कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही त्याच्यात कापूस."

"आपण कापसावर जगतो, सुधाकर."

"शर्ट हाय दादा. शर्टच हाय तो."

"तुकडा आनला का? अठ्ठावन्न नंबर तं अजून चांगला हाय तुह्या पेटीत."

"नाही आनला."

तरी ते उठले. वही काढली, एकोणसाठ लिहिलं, आवक लिहिली. जातीच्या रकान्यात लेखणी थांबली. मग शाई आणि छापा घेतला आणि शर्टाच्या टोकावर मारला. शाई बसेना. थेंब गोळा झाले आणि ओघळले. त्यांनी ओलं फडकं फिरवलं, सगळं साफ. दुसऱ्यांदा मारला, दुसऱ्यांदा साफ. ज्या शाईनं त्यांच्या पाठीवर दोन महिने काढले होते ती!

"ज्याच्यावर नंबर धरत नाही," ते म्हणाले, "त्याले माह्या घरात जागा नाही."

सुधाकरचं हसू गेलं. "शर्टाले म्हनून राह्यले का मले?"

आम्ही सगळे तिथं होतो. एक शब्द पुरे होता. शर्टाला म्हणालो, एवढंच म्हणायचं होतं. शामरावजी म्हणाले, "जो घालीन त्याले."

सुधाकरनं टेरिलीन काढलं, ऑफिसातल्या खुंटीला अडकवलं. घरी गेला, अठ्ठावन्न नंबर घातला आणि दुपारच्या एसटीनं निघून गेला. कुठं, ते वहिनींनाही सांगितलं नाही. संध्याकाळी येईल, असं शामरावजी म्हणाले. मग म्हणाले, पोळ्याला येईल. मग म्हणायचे थांबले.

चार वर्षं तो शर्ट खुंटीला होता. टेरिलीनला रुई फार चिकटते, तसाच ठेवला असता तर आठ दिवसांत त्याची मेंढी झाली असती. शामरावजी रोज सकाळी इतर कामाच्या आधी तो झटकायचे. आमच्यासमोरच झटकायचे, आणि आम्ही काट्याकडे पाहायचो. वहिनींनी त्या चार वर्षांत एकही लुगडं घेतलं नाही. वही तपासताना दर दिवाळीला अठ्ठावन्नाच्या ओळीशी आले की शामरावजी मोठ्यानं म्हणायचे, "बाहेर." आणि पान उलटायचे. पोरगा जिवंत आहे की नाही, हेही कोणाला माहीत नव्हतं. ते विचारायची आमची छाती झाली नाही.

* * *

आता शेवटचा.

ऐन हंगाम. बाहेर पन्नास गाड्या लागलेल्या. पोस्टमननं शामरावजींच्या नावाचं एक पाकीट माझ्याकडे दिलं. शिक्का राजूरचा. राजूर म्हणजे तिकडं वणीच्या अंगाला, कोळशाच्या खाणीचं गाव. आमचं तिथं कोणी नव्हतं. मी पाकीट नेऊन दिलं आणि तिथंच रेंगाळलो.

शामरावजींनी ते फोडलं. आत पत्र नव्हतं. उलटं करून झटकलं तेव्हा टेबलावर कापडाचा एक तुकडा पडला. चार बोटांएवढा. विरून पातळ झालेला, कोळशानं करडा पडलेला. आणि त्याच्यावर, अजूनही काळाभोर, अठ्ठावन्न.

कुळकर्णी उठून उभे राहिले. मी दार लावून घेतलं. शामरावजींनी तुकडा उजेडात धरला, एक धागा काढला, अंगठ्यांत ओढला. बराच वेळ पाहिला.

"घातला बाप्पा त्यानं," ते म्हणाले. "पुरा घातला. धुतला बी नीट."

त्यांनी खळ मागितली. तुकडा वहीत चिकटवला. जावक लिहिली. मग नियम म्हणजे नियम. ज्यानं तुकडा दिला त्याला नवा कपडा मिळायला हवा. ते उठले, खुंटीवरचं टेरिलीन काढलं, खिडकीशी नेऊन झटकलं, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "देवीदासभाऊ, सुई-दोरा हाय का?"

बारदान शिवायचा दाभण होता, तो चालला नसता. धापलीबाईच्या चंचीत सुई निघाली, आणि तिच्या फेटियाला लावायचा लाल दोरा. बाहेर गाडीवाले ओरडत होते. आत आमचे ग्रेडर, गरगरीत माणूस, मांडीवर आकाशी शर्ट घेऊन त्याच्या टोकावर लाल दोऱ्यानं एकोणसाठ काढत बसले होते. पाच तर त्यांनी तीनदा उसवला. आम्ही कोणी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं गेले. यवतमाळ, वणी, राजूर. हंगामात त्यांनी कधी एक दिवसाची रजा घेतलेली नव्हती. अंगात त्यांचा स्वतःचा एकाहत्तर नंबर होता. अव्वल धागा, आदल्याच वर्षी घेतलेला, वहीतला सगळ्यात चांगला माल. काखेत कागदात गुंडाळलेलं टेरिलीन.

चौथ्या दिवशी दुपारी एसटी थांबली. मी काट्यावर होतो, कुळकर्णी खिडकीत होते, वहिनी न सांगता सकाळपासूनच फाटकाशी येऊन उभ्या होत्या. शामरावजी एकटेच उतरले. आणि आमचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले.

त्यांच्या अंगात टेरिलीन होतं!

सुधाकरच्या मापाचं. पोटावरची तीन बटणं लागतच नव्हती, काखेत ताणलेलं, आणि खालच्या टोकाला लाल एकोणसाठ. पिशवी हातात होती, तीही रिकामी. एकाहत्तर नंबर कुठंच नव्हता.

ते वहिनींजवळ थांबले. काहीतरी म्हणाले, त्यातलं "अंगानं भरला आता तो" एवढंच आम्हाला ऐकू आलं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला, मग त्या टेरिलीनकडे पाहून एकदम हसल्या, आणि घराकडे गेल्या. शामरावजी आवारातून सरळ ऑफिसात आले. तेवढ्या अंतरात शर्टावर रुई बसली होती. त्यांनी ती झटकली नाही. कोणाकडे न पाहता वही काढली, काहीतरी लिहिलं, बंद केली आणि गाड्यांकडे गेले.

मी आणि कुळकर्णींनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुळकर्णींनी वही उघडली.

एकाहत्तरची ओळ. जावकच्या रकान्यात : राजूर.

शेरा : अंगात बरोबर बसला.